आतड्याच्या अस्तराची पुनर्बांधणी

आतड्याच्या अस्तराची पुनर्बांधणी म्हणजे लहान किंवा मोठ्या आतड्याच्या आतील पृष्ठभागाला इजा झाल्यानंतर तो पृष्ठभाग पुन्हा अखंड आणि कार्यक्षम होण्याची नैसर्गिक प्रक्रिया होय. जंतुसंसर्ग, काही औषधे, किरणोपचार, रक्तपुरवठ्यातील अडथळा आणि दीर्घकाळचा दाह ही अशा इजेची प्रमुख कारणे आहेत. निरोगी माणसातही हे अस्तर दर चार ते पाच दिवसांनी जवळजवळ पूर्णपणे नवे होते. इजेनंतरची दुरुस्ती ही मुख्यतः याच नित्य नूतनीकरणाची वेगवान आवृत्ती असते. इजा पृष्ठभागापुरती असेल आणि अस्तराच्या तळाशी असलेल्या पेशी शाबूत असतील, तर अस्तर कोणताही वण न राहता पूर्ववत होते. इजा खोल गेली किंवा पुनःपुन्हा होत राहिली, तर मात्र वण राहणे, आतडे अरुंद होणे किंवा कर्करोगाचा धोका वाढणे असे परिणाम संभवतात.

अस्तराची रचना

आतड्याची भिंत अनेक थरांची असते. सर्वांत आतला, अन्नाच्या थेट संपर्कात येणारा थर म्हणजे अभिस्तर. त्याची जाडी केवळ एका पेशीएवढी असते. शेजारशेजारच्या पेशी घट्ट सांध्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. त्यामुळे पचलेले अन्न आत घेता येते; परंतु आतड्यातील असंख्य जिवाणू आणि त्यांची विषद्रव्ये यांना अटकाव होतो. अभिस्तर एका पातळ आधारपटलावर बसलेला असतो. त्याखाली रक्तवाहिन्या, लसिकावाहिन्या, चेतातंतू आणि प्रतिकारपेशी असलेली संयोजी ऊती असते. त्यापलीकडे स्नायूंचे थर असतात.

लहान आतड्यात अभिस्तराचे बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे असतात. त्यांना उद्वर्ध म्हणतात. पाठ्यपुस्तकांत त्यांचा उल्लेख व्हिलाय असाही आढळतो. त्यांची उंची साधारणतः अर्धा ते एक मिलिमीटर असते. उद्वर्धांच्या पायथ्याशी अभिस्तर खाली दबून लहान विहिरींसारखे खळगे तयार झालेले असतात. हे खळगे म्हणजे गर्तिका. मोठ्या आतड्यात उद्वर्ध नसतात, केवळ गर्तिका असतात. लहान आतड्याच्या पृष्ठभागाची तुलना टेनिसच्या मैदानाशी करण्याची प्रथा अनेक पुस्तकांत आहे. तथापि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांनुसार संपूर्ण पचनमार्गाच्या आतील पृष्ठभागाचे क्षेत्रफळ सुमारे ३२ चौरस मीटर, म्हणजे एखाद्या मोठ्या खोलीएवढे भरते.

अभिस्तरात अनेक प्रकारच्या पेशी असतात. अन्नरस शोषून घेणाऱ्या शोषक पेशी संख्येने सर्वाधिक असतात. चषकपेशी श्लेष्म स्रवतात. काही पेशी संप्रेरके तयार करतात. लहान आतड्याच्या गर्तिकांच्या तळाशी असणाऱ्या पानेट पेशी जंतुनाशक प्रथिने स्रवतात. या पानेट पेशींच्या मधोमध मूलपेशी दाटीने बसलेल्या असतात. उंदराच्या लहान आतड्यात अशा मूलपेशी प्रत्येक गर्तिकेत सुमारे १५ असतात. अभिस्तरातील इतर सर्व प्रकारच्या पेशी त्यांच्यापासूनच उत्पन्न होतात.

नित्य नूतनीकरण

गर्तिकेच्या तळाशी मूलपेशींचे विभाजन सतत चालू असते. त्यातून निर्माण झालेल्या काही पेशी मूलपेशी म्हणून तळाशीच राहतात. उरलेल्या वर सरकतात, आणखी काही वेळा विभागल्या जातात आणि मग आपले निश्चित काम स्वीकारतात. एका साध्या पेशीने विशिष्ट कामासाठी योग्य असे रूप धारण करण्याच्या या क्रियेला विभेदन म्हणतात. विभेदन झालेल्या पेशी उद्वर्धाच्या बाजूंवरून हळूहळू वर चढत शेंड्यापाशी पोहोचतात आणि तेथून आतड्याच्या पोकळीत गळून पडतात. जन्मापासून गळण्यापर्यंतचा हा प्रवास साधारणतः तीन ते पाच दिवसांत संपतो. पानेट पेशी याला अपवाद आहेत. त्या वर न जाता खाली तळाकडे सरकतात आणि कित्येक आठवडे जगतात.

पेशी गळताना अस्तराला भोक पडत नाही. बाहेर पडणाऱ्या पेशीच्या शेजारच्या पेशी तिच्याखालून एकमेकींना भिडतात आणि जागा बंद झाल्यावरच ती पेशी सुटते. या व्यवस्थेचा दुहेरी लाभ होतो. अन्न, पाचकरस आणि जंतू यांच्या माऱ्याने झिजलेली पेशी वेळेवर बदलली जाते. शिवाय एखाद्या पेशीच्या जनुकांत दोष उद्भवला, तरी ती पेशी बहुधा काही दिवसांतच शरीराबाहेर टाकली जाते.

विभाजन कोठे व्हावे आणि कोठे थांबावे, हे रासायनिक संदेशांवरून ठरते. गर्तिकेच्या तळाशी पानेट पेशी आणि भोवतालच्या संयोजी ऊतीतील पेशी ‘डब्ल्यूएनटी’ गटातील प्रथिने स्रवतात. त्यांच्या प्रभावाखाली मूलपेशी विभागत राहतात. उद्वर्धाच्या बाजूला ‘बीएमपी’ गटातील प्रथिनांचे प्रमाण अधिक असते. ती विभाजन थांबवून विभेदनाला चालना देतात. पेशी जसजशी वर सरकते, तसतसा पहिला संदेश क्षीण आणि दुसरा प्रबळ होत जातो.

इजेची कारणे आणि खोली

इजा कोणत्या पेशींना झाली, यावर दुरुस्तीचे स्वरूप अवलंबून असते. रोटा विषाणू मुख्यतः उद्वर्धांच्या वरच्या भागातील परिपक्व शोषक पेशींवर हल्ला करतो. गर्तिका बहुतांशी सुरक्षित राहतात. रक्तपुरवठा खंडित झाल्यासही प्रथम उद्वर्धांचे शेंडे मरतात, कारण प्राणवायूची सर्वाधिक टंचाई तेथेच भासते. अशा प्रसंगी आतड्याची स्थिती चरून गेलेल्या कुरणासारखी असते. शेंडे गेले तरी मुळे जिवंत असल्यामुळे गवत पुन्हा फुटते.

कर्करोगावरील रासायनिक उपचार आणि किरणोपचार यांचा परिणाम याच्या उलट असतो. हे उपचार वेगाने विभागणाऱ्या पेशींना मारतात. त्यामुळे त्यांचा आघात थेट गर्तिकांवर होतो. उद्वर्धांवरील जुन्या पेशी मात्र नेहमीप्रमाणे वर चढून गळत राहतात आणि त्यांची जागा घेण्यास नव्या पेशी येत नाहीत. म्हणून अशा रुग्णांना अतिसाराचा त्रास उपचाराच्या क्षणी होत नाही, तो काही दिवसांनी सुरू होतो.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामके प्रोस्टाग्लँडिन या द्रव्याच्या निर्मितीत अडथळा आणतात. हे द्रव्य अस्तराच्या संरक्षणास आणि दुरुस्तीस आवश्यक असते. त्यामुळे ही औषधे दीर्घकाळ घेतल्यास जठराप्रमाणे लहान आतड्यातही व्रण होऊ शकतात. अमीबिक आमांशात परजीवी अभिस्तर भेदून खाली पसरतो आणि मोठ्या आतड्यात अरुंद तोंडाचे, आत रुंद होत गेलेले सुरईसारखे व्रण तयार करतो.

दुरुस्तीचे टप्पे

दुरुस्तीचे स्थूलमानाने तीन टप्पे मानले जातात. ते काटेकोरपणे एकामागून एक येत नाहीत. एक टप्पा चालू असतानाच दुसरा सुरू होतो.

पहिला टप्पा आच्छादनाचा. इजेनंतर काही मिनिटांतच जखमेच्या कडेच्या पेशी आपला उंच, स्तंभासारखा आकार सोडून चपट्या होतात, पायासारखे पातळ प्रवर्ध पुढे टाकतात आणि उघड्या पडलेल्या आधारपटलावरून सरकू लागतात. याच वेळी उद्वर्ध आकसतात, त्यामुळे झाकावयाचे क्षेत्रच कमी होते. लहान जखमा अशा रीतीने काही तासांत झाकल्या जातात. या टप्प्यात नवी पेशी निर्माण होत नाही. उपलब्ध पेशीच पसरून तात्पुरते छप्पर घालतात. आधारपटल शिल्लक असेल तर हे काम विशेष जलद होते.

दुसरा टप्पा पेशीविभाजनाचा. तो साधारणतः कित्येक तासांनंतर सुरू होतो आणि पुढील काही दिवस चालतो. गर्तिकांतील विभाजनाचा वेग वाढतो आणि गर्तिका लांब होतात. ज्या ठिकाणी गर्तिका पूर्णपणे नष्ट झाल्या असतील, तेथे शेजारच्या वाचलेल्या गर्तिका तळापासून दुभंगून एकीच्या दोन होतात आणि रिकामी जागा भरून काढतात.

तिसरा टप्पा विभेदनाचा. नव्या पेशी शोषण, श्लेष्मस्रवण इत्यादी कामांसाठी सज्ज होतात, त्यांच्यातील घट्ट सांधे पक्के होतात आणि उद्वर्ध पूर्वीची उंची गाठतात. अस्तर झाकले जाणे आणि ते कार्यक्षम होणे यांत अंतर असते. उदाहरणार्थ, दुधातील साखर पचविणारे लॅक्टेज हे विकर परिपक्व शोषक पेशीच तयार करतात. म्हणून तीव्र अतिसारानंतर काही मुलांना काही काळ दूध पचत नाही. पेशी परिपक्व झाल्या की ही अडचण बहुधा आपोआप दूर होते.

मूलपेशी नष्ट झाल्यास

मूलपेशीच नाहीशा झाल्या तर दुरुस्ती कशी होणार, हा प्रश्न संशोधकांपुढे दीर्घकाळ होता. २०११ साली उंदरांवर झालेल्या प्रयोगांत ‘एलजीआर५’ ही खूण असलेल्या मूलपेशी हेतुपूर्वक नष्ट करण्यात आल्या, तरीही अभिस्तराचे नूतनीकरण चालू राहिले. मूलपेशींचा तळ सोडून वर निघालेल्या, अर्धवट विभेदन झालेल्या पेशी गरज पडल्यास मागे फिरतात आणि पुन्हा मूलपेशींचे रूप घेतात, असे नंतरच्या अभ्यासांतून स्पष्ट झाले. श्लेष्म स्रवणाऱ्या पेशींच्या आणि शोषक पेशींच्या पूर्वज पेशींत हा गुण आढळला आहे. तसेच जखमेजवळच्या अभिस्तरात गर्भावस्थेतील आतड्यात आढळणारी काही जनुके तात्पुरती पुन्हा कार्यरत होतात, असे २०१८ सालच्या संशोधनात दिसून आले. मूलपेशी असणे हे काही पेशींचे कायमचे वैशिष्ट्य नसून बऱ्याच अंशी त्या ज्या जागी असतात तेथील संदेशांचा परिणाम असतो, हा या संशोधनाचा मुख्य निष्कर्ष आहे.

दुरुस्तीला साहाय्य करणारे घटक

श्लेष्म: चषकपेशींनी स्रवलेला श्लेष्म जखमेवर आवरण घालतो. त्यासोबत ‘ट्रेफॉइल’ या नावाने ओळखली जाणारी लहान प्रथिने स्रवली जातात. ती पेशींना सरकण्यास प्रवृत्त करतात. अशा एका प्रथिनाचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांत मोठ्या आतड्याच्या जखमा नीट भरून आल्या नाहीत, असे १९९६ साली आढळले.

प्रतिकारपेशी: महाभक्षी पेशी मृत पेशींचा निचरा करतात आणि वृद्धी घटक स्रवतात. काही प्रतिकारपेशी ‘इंटरल्यूकिन-२२’ हे प्रथिन तयार करतात. त्यामुळे अभिस्तराच्या विभाजनाला चालना मिळते. दाह ही केवळ हानिकारक घटना नसून योग्य वेळी सुरू होऊन योग्य वेळी शमणारा दाह दुरुस्तीचा आवश्यक भाग आहे.

जिवाणू: मोठ्या आतड्यातील उपकारक जिवाणू अन्नातील न पचलेल्या तंतूंपासून ब्युटिरेटसारखी मेदाम्ले तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अभिस्तराला लागणाऱ्या ऊर्जेचा मोठा भाग यांतूनच मिळतो.

अन्न: आतड्यातून अन्न जाणे हाच अस्तराला वाढीचा एक संदेश असतो. दीर्घकाळ तोंडावाटे काहीच न दिल्यास उद्वर्ध खुजे होतात, असे विशेषतः प्राण्यांवरील प्रयोगांत दिसून आले आहे. प्रथिने आणि जस्त यांची कमतरता असल्यास दुरुस्ती मंदावते.

बालकांचा अतिसार आणि अस्तराची दुरुस्ती

अस्तराच्या दुरुस्तीचे ज्ञान सर्वाधिक उपयोगी पडते ते बालकांच्या अतिसारात. रोटा विषाणूमुळे होणारा अतिसार बहुधा तीन ते आठ दिवस टिकतो. अस्तराच्या नूतनीकरणाला लागणारा काळही जवळजवळ तेवढाच असतो. या दिवसांत बालकाच्या जीविताला मुख्य धोका असतो तो शरीरातील पाणी आणि क्षार कमी होण्याचा. ती उणीव भरून काढल्यास अस्तराला सावरण्यास वेळ मिळतो.

पटकीत, म्हणजे कॉलऱ्यात, अस्तर प्रायः नष्ट होत नाही. जंतूच्या विषामुळे पेशी पाणी आणि क्षार अतिप्रमाणात बाहेर टाकतात. सोडियम आणि ग्लुकोज एकत्र आत घेण्याची त्यांची क्षमता मात्र शाबूत राहते आणि त्यांच्यामागोमाग पाणीही शोषले जाते. रोटा विषाणूच्या संसर्गातही इजा ठिकठिकाणी होत असल्याने उरलेले अस्तर हे काम करू शकते. जलसंजीवनी, म्हणजेच ओआरएस, याच तत्त्वावर आधारलेली आहे. १९७१ साली बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांमध्ये पटकीची साथ पसरली असता डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे द्रावण तोंडावाटे देण्याचा मोठ्या प्रमाणावर अवलंब केला. त्यामुळे तेथील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले.

अतिसारात आतड्याला विश्रांती मिळावी म्हणून बालकाला लंघन घडविण्याची समजूत आपल्याकडे अनेक घरांत आढळते. अस्तराच्या दुरुस्तीविषयी आज जे ज्ञात आहे ते या समजुतीच्या विरुद्ध आहे. विभागणाऱ्या पेशींना पोषणाची गरज असते आणि उपाशी आतडे उशिरा सावरते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार अतिसारातही स्तनपान आणि नेहमीचा हलका आहार चालू ठेवावयाचा असतो. २००४ साली त्यासोबत १० ते १४ दिवस जस्त देण्याची शिफारस करण्यात आली: सहा महिन्यांवरील बालकास रोज २० मिलिग्रॅम आणि त्याहून लहान बालकास १० मिलिग्रॅम. अतिसार थांबल्यावरही हे औषध ठरलेल्या दिवसांपर्यंत द्यावयाचे असते. बाळ सुस्त होणे, डोळे खोल जाणे, काहीही न पिणे किंवा शौचात रक्त पडणे ही तत्काळ वैद्यकीय मदत घेण्याची लक्षणे आहेत. भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात रोटा विषाणूवरील लशीचा समावेश २०१६ पासून टप्प्याटप्प्याने करण्यात आला.

अस्वच्छ पाणी आणि उघड्यावरील शौच यांमुळे बालकाला वारंवार संसर्ग होत राहिल्यास एक दुरुस्ती पूर्ण होण्यापूर्वीच दुसरी इजा होते. उद्वर्ध कायम खुजे राहतात, खाल्लेले अन्न अंगी लागत नाही आणि बालकाची वाढ खुंटते. त्यामुळे कुपोषणाचा प्रश्न केवळ पुरेसे अन्न पुरवून सुटत नाही. त्यासाठी शुद्ध पाणी आणि स्वच्छताही आवश्यक असते.

दुरुस्ती अपुरी पडणारे विकार

सिलिअ‍ॅक विकारात गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लूटेनमुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्या अस्तरावर आघात करते. गर्तिका लांब होऊन दुरुस्तीचा प्रयत्न करतात; तरीही उद्वर्ध सपाट होत जातात. नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९४० च्या दशकात या विकाराचा गव्हाशी असलेला संबंध दाखवून दिला. ग्लूटेन पूर्णपणे वर्ज्य केल्यावर अस्तर पुन्हा सुधारते. मुलांमध्ये ही सुधारणा लवकर होते, प्रौढांमध्ये तिला काही वर्षेही लागू शकतात. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ या धान्यांत ग्लूटेन नसते. मात्र दळताना त्यांत गव्हाचे पीठ मिसळणार नाही याची काळजी घ्यावी लागते.

अल्सरेटिव्ह कोलायटिस या विकारात मोठ्या आतड्याच्या अस्तराला दीर्घकाळ दाह होतो. क्रोन विकारात दाह भिंतीच्या सर्व थरांपर्यंत पोहोचतो. इजा खोल गेली की केवळ अभिस्तराची वाढ पुरी पडत नाही. संयोजी ऊती तंतुमय द्रव्य साठवून पोकळी भरून काढते आणि वण तयार होतो. हा वण आकसल्यास आतडे अरुंद होते. भारतात आढळणाऱ्या आतड्याच्या क्षयरोगात व्रण बहुधा आडवे, आतड्याला वेढणारे असतात, म्हणून ते भरून येताना आतडे अरुंद होते. विषमज्वरातील व्रण आतड्याच्या लांबीला धरून असतात. ते भरून आल्यावर सहसा अडथळा राहत नाही. परंतु आजाराच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आतड्याला छिद्र पडण्याचा धोका असतो.

सततच्या दुरुस्तीत विभाजनेही सतत होतात आणि प्रत्येक विभाजनात जनुकीय चूक होण्याची शक्यता असते. अशी चूक मूलपेशीत झाल्यास ती गळून न जाता टिकून राहते. मोठ्या आतड्याच्या बहुसंख्य कर्करोगांत ‘एपीसी’ या जनुकात बिघाड आढळतो. त्यामुळे विभाजन थांबविण्याची व्यवस्था निकामी होते. या कारणास्तव मोठ्या आतड्याचा बराचसा भाग व्यापणाऱ्या अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णांना विकार सुरू झाल्यापासून सुमारे आठ वर्षांनंतर दुर्बिणीद्वारे नियमित तपासणीचा सल्ला दिला जातो.

संशोधनाचा इतिहास

जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ योहान लीबरकून यांनी १७४५ साली लहान आतड्यातील उद्वर्ध आणि गर्तिका यांचे तपशीलवार वर्णन केले. गर्तिकांना आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. १९४८ साली शार्ल लब्लों आणि कॅथरीन स्टीव्हन्स यांनी उंदरांच्या आतड्याचा अभिस्तर सतत नवा होत असतो, हे दाखवून दिले. १९७४ साली हेझेल चेंग आणि लब्लों यांनी अभिस्तरातील चारही प्रमुख प्रकारच्या पेशी गर्तिकेच्या तळाच्या बारीक पेशींपासून उत्पन्न होतात, असे प्रतिपादन केले. २००७ साली नेदरलँड्समधील हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत निक बार्कर आणि सहकाऱ्यांनी ‘एलजीआर५’ या खुणेच्या साहाय्याने या मूलपेशींची निश्चित ओळख पटविली. २००९ साली त्याच प्रयोगशाळेत तोशिरो सातो यांनी एकेका मूलपेशीपासून काचपात्रात गर्तिका आणि उद्वर्ध यांसारखी रचना असलेली सूक्ष्म आतडी वाढविली. त्यांना ऑर्गनॉइड म्हणतात.

उपचारांतील उपयोग

दाहक विकारांच्या उपचारांत पूर्वी लक्षणे कमी होण्यास महत्त्व दिले जाई. आता दुर्बिणीने पाहिल्यावर अस्तर भरून आलेले दिसणे हेही उपचाराचे एक उद्दिष्ट मानले जाते, कारण असे रुग्ण दीर्घकाळ बरे राहण्याची शक्यता अधिक असते. ऑर्गनॉइडच्या साहाय्याने जखमी अस्तरावर कलम करण्याचे प्रयोगही चालू आहेत. जपानी संशोधकांनी २०१२ साली उंदरांच्या मोठ्या आतड्यात असे कलम यशस्वी केले. २०२२ साली टोकियो येथे अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या एका रुग्णावर त्याच्याच आतड्याच्या पेशींपासून वाढविलेल्या ऑर्गनॉइडचे रोपण करण्यात आले. ही पद्धत अद्याप प्रायोगिक अवस्थेत आहे. सर्वसामान्य रुग्णासाठी आजही इजेचे कारण दूर करणे, पाणी आणि क्षार यांचा समतोल राखणे आणि पुरेसे पोषण देणे हेच अस्तराच्या पुनर्बांधणीचे मुख्य आधार आहेत.